मक्याच्या ओळी मोजणारा मुलगा

१९३८ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या एका डॉक्टरांकडे एक जाडजूड पत्र आले. टंकलिखित, तब्बल ३३ पानांचे. पाठवणारे होते मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचे वकील आणि विषय होता त्यांचा जेमतेम पाच वर्षांचा मुलगा डोनाल्ड. तो काय खातो, काय बोलतो, कशाला घाबरतो, कोणती वस्तू किती वेळ गरगर फिरवत बसतो, सगळे वकिली काटेकोरपणाने लिहिलेले होते. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने दोन-चार पाने चाळून पत्र बाजूला ठेवले असते. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाचले गेले. वाचणाऱ्या डॉक्टरांचे नाव लिओ कॅनर.

स्वमग्नता किंवा ऑटिझम हा शब्द आज बालवाडीच्या शिक्षिकेपासून बालरोगतज्ज्ञांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. मुलांमधल्या या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र जागा मिळाली ती प्रामुख्याने कॅनर यांच्या १९४३ च्या लेखामुळे. पण त्यांचे आयुष्य केवळ या एका शोधापुरते सांगून भागत नाही. या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना त्यांच्यामुळे आधार मिळाला आणि त्यांच्यामुळेच मोठी जखमही झाली.

कॅनर यांचा जन्म १३ जून १८९४ चा. गाव क्लेकोटुव्ह, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातले. आज ते युक्रेनमध्ये आहे. घर धार्मिक ज्यू वळणाचे. बाराव्या वर्षी ते शिक्षणासाठी बर्लिनला गेले. मुलाला खरे तर कवी व्हायचे होते. कवितांवर पोट भरेना, तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेतले. मध्येच पहिले महायुद्ध आले, सैन्याच्या वैद्यकीय पथकात नोकरी झाली आणि १९२१ मध्ये पदवी हाती आली. सुरुवातीचे काम हृदयाच्या ठोक्यांवरचे. मुलांच्या मनाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. त्या काळी जर्मनीत महागाई अशी उसळली होती की सकाळी मिळालेल्या पगाराची किंमत संध्याकाळपर्यंत उतरलेली असे. ओळखीच्या एका अमेरिकी डॉक्टरच्या मदतीने १९२४ मध्ये कॅनर पत्नी आणि लहानग्या मुलीसह अमेरिकेला गेले.

नोकरी मिळाली साउथ डकोटा राज्यातल्या यँक्टन या आडबाजूच्या गावी, सरकारी मनोरुग्णालयात. मनोविकारशास्त्र त्यांनी तिथे रुग्णांमध्ये वावरूनच शिकून घेतले. या काळात त्यांनी दातांविषयीच्या लोकसमजुतींवर एक पुस्तकही लिहिले. मुलाचा पडलेला दात उंदराला द्यायचा, अशा तऱ्हेच्या समजुती जगभर कशा पसरल्या आहेत याचा तो धांडोळा होता. मनोविकारतज्ज्ञाने दातांवर लिहावे हे विचित्र वाटेल. पण माणसे काय करतात आणि का करतात, हे बारकाईने टिपून ठेवायची सवय त्यातून दिसते.

१९२८ मध्ये ते जॉन्स हॉपकिन्सला आले आणि दोनच वर्षांत त्यांच्यावर एक नवे काम सोपवण्यात आले. बालरोग विभागातच मुलांच्या मनोविकारांचा दवाखाना सुरू करायचा होता. मुलाला वेड्यांच्या इस्पितळात नेण्याऐवजी, जिथे त्याचा खोकला-ताप तपासला जातो तिथेच त्याचे वागणेही तपासायचे, ही कल्पना तेव्हा नवी होती. १९३५ मध्ये कॅनर यांनी बालमनोविकारशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहिले. इंग्रजीतले या विषयावरचे ते पहिले मानले जाते आणि पुढची चार दशके त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

डोनाल्डचे पत्र येण्याआधीच कॅनर यांनी एका प्रकरणात हात घालून प्रतिष्ठितांचा रोष पत्करला होता. मेरीलँड राज्यात रोझवूड नावाची, मतिमंद म्हणवल्या जाणाऱ्या व्यक्तींसाठीची सरकारी संस्था होती. तिथल्या मुलींना कोर्टाचे हुकूम मिळवून बाहेर काढायचे आणि श्रीमंतांच्या घरी जवळजवळ फुकटात घरकामाला जुंपायचे, असा एक धंदाच अनेक वर्षे सुरू होता. वकिलाला फी मिळे, मालकिणीला मोलकरीण मिळे. काम जमले नाही की मुलगी रस्त्यावर. अशा १६६ व्यक्ती बाहेर गेल्या होत्या. कॅनर आणि त्यांच्या सहकारी समाजसेविकेने त्यांतल्या १०२ जणांचा माग काढला. कुणी मरून गेले होते, कुणी क्षयाने व गुप्तरोगाने खंगले होते, कुणी तुरुंगात, कुणी वेश्यावस्तीत. हे सगळे कॅनर यांनी १९३७ साली मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय परिषदेत मांडले. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले आणि बाल्टिमोरच्या भल्याभल्या घरांची अब्रू चव्हाट्यावर आली.

याच वर्षांत हिटलरच्या राजवटीतून निसटू पाहणाऱ्या अनेक ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत आणण्यासाठी कॅनर पतीपत्नी हमीपत्रे देत होते, नोकऱ्या शोधत होते. त्यांतलेच एक जॉर्ज फ्रँकल. ते व्हिएन्नात, पुढे हान्स आस्पर्गर यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या बालविभागात काम करत. वर्तनाने वेगळ्या मुलांकडे पाहण्याचा त्यांना चांगला सराव होता.

फ्रँकल बाल्टिमोरला पोहोचले आणि त्यानंतर वर्षभरातच डोनाल्ड तिथे आला. त्याची कहाणी अशी होती. तो तीन वर्षे अकरा महिन्यांचा असताना, वातावरण बदलले तर मूल सुधारेल या सल्ल्यावरून आईवडिलांनी त्याला क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठीच्या एका निवासी संस्थेत ठेवले होते. क्षयाशी त्याचा काही संबंध नव्हता. तिथे तो बराच काळ हालचालीविना, कशातही लक्ष नसल्यासारखा बसून असे. सुमारे वर्षभराने, संस्थेचा विरोध असतानाही, आईवडिलांनी त्याला घरी आणले. ते लांबलचक पत्र त्यानंतरचे.

ऑक्टोबर १९३८ मध्ये फ्रँकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन आठवडे डोनाल्डला पाहिले, कॅनर यांनी तपासले. मुलगा मुका नव्हता, मंदही वाटत नव्हता. दोन वर्षांचा व्हायच्या आतच त्याला कितीतरी गाण्यांच्या चाली गुणगुणता येत होत्या, पुढे प्रार्थना आणि धर्मप्रश्नोत्तरे तोंडपाठ झाली, शंभरपर्यंत आकडे येत होते. पण खोलीत कोण आले, कोण गेले याचे त्याला सोयरसुतक नसे. नाताळात सांताक्लॉजचा पूर्ण वेष करून माणूस समोर उभा केला, तरी त्याने बघितले नाही. भांडी, ठोकळे, जे गोल फिरेल ते फिरवत बसायचे. दुपारी झोपून उठल्यावर आईने एक ठरलेले वाक्य म्हटल्याशिवाय आणि त्याच्याकडून ठरलेले उत्तर घेतल्याशिवाय पलंगावरून उतरायचे नाही. स्वतःला काही हवे असेल तर, तुला हवे आहे का, असे तो विचारी. कारण ते वाक्य त्याने तसेच ऐकलेले असे.

वडिलांनी त्याला ‘हो’ आणि ‘नाही’ शिकवायचा प्रयत्न केला होता. तुला खांद्यावर घेऊ का, असे विचारून, हवे असेल तर हो म्हण, असे सांगितले. मुलगा हो म्हणाला. पुढे बरेच दिवस त्याच्या लेखी ‘हो’ या शब्दाचा अर्थ एवढाच राहिला, की बाबा, मला खांद्यावर घ्या. घरात असे मूल असलेल्या पालकांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. वर्गात टेबलाजवळ शिकवलेला शब्द स्वयंपाकघरात चालत नाही आणि बाईंसमोर येणारी गोष्ट आजीसमोर येत नाही. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी वापरायला वेगळे शिकवावे लागते, हे आजच्या वर्तनोपचारातले अगदी पायाचे तत्त्व आहे.

पुढच्या काही वर्षांत कॅनर यांच्याकडे अशी आणखी मुले आली. १९४३ मध्ये त्यांनी ११ मुलांच्या हकीकती एकत्र छापल्या, आठ मुलगे आणि तीन मुली. पहिली हकीकत डोनाल्डची. त्या लेखात त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले. एक, या मुलांचे जन्मापासूनचे एकटेपण; दुसरे, सगळे आहे तसेच राहावे हा त्यांचा अट्टहास. ‘ऑटिझम’ हा शब्द त्यांचा नव्हे. ग्रीक भाषेतल्या ‘स्व’ या अर्थाच्या शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी तो तीसेक वर्षे आधी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी घडवला होता. या उसनवारीने पुढे बराच गोंधळ झाला. ही मुले जगातून आत निघून गेलेली नाहीत, ती सुरुवातीपासूनच वेगळी आहेत, हे कॅनर यांना सांगायचे होते. शब्दामुळे नेमके उलटे ध्वनित होत राहिले. मराठीतला ‘स्वमग्न’ हा शब्द बोलायला गोड आहे, पण त्यातही तोच घोटाळा आहे.

दरम्यान, १९४२ मध्ये कॅनर यांना वेगळीच लढाई लढावी लागली. फॉस्टर केनेडी नावाच्या न्यूयॉर्कच्या एका बड्या मज्जाविकारतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या प्रमुख मनोविकार नियतकालिकात असा प्रस्ताव मांडला, की ज्या मतिमंद मुलांपुढे काही भविष्य नाही त्यांना वेदनारहित मरण द्यावे. जर्मनीत नेमके हेच सरकारी हुकमाने सुरू होते. त्याच अंकात कॅनर यांनी याला विरोध करणारा लेख लिहिला. कचरा उचलणारी, कापूस वेचणारी, समाजाची अवजड कामे करणारी कितीतरी माणसे बुद्धिमापन चाचणीत खाली असतात आणि त्यांच्यावाचून कुणाचे चालत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. नियतकालिकाच्या संपादकीयाचा कल मात्र केनेडींच्या बाजूला होता, हे लक्षात घेतले म्हणजे तो काळ कसा होता याची कल्पना येते.

डोनाल्ड तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी आईवडिलांनी त्याला गावापासून १० मैलांवरच्या एका शेतकरी दांपत्याकडे ठेवले. ही व्यवस्था कुठल्या पुस्तकातून आलेली नव्हती. हे दांपत्य फार शिकलेलेही नव्हते. १९४५ च्या मे महिन्यात कॅनर मुलाला पाहायला तिथे गेले. तिथे त्यांना दिसले ते त्यांच्या कोणत्याही दवाखान्यात नव्हते.

डोनाल्डला सगळे मोजायचे वेड लागले होते. शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावले आणि ती किती खोल गेली ते सांगत राहा, असे बजावले. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा त्याला नाद होता. घरात ते पडलेले कुणाला आवडेल? शेतकऱ्याने त्याला ओरडून थांबवले नाही. मळ्यात एक कोपरा दिला आणि इथे त्यांची दफनभूमी कर म्हणून सांगितले. डोनाल्डने तिथे प्रत्येकासाठी पाटी लावली. त्यावर एक माणसाचे नाव, मधल्या नावाच्या जागी प्राण्याची जात आणि आडनाव शेतकऱ्याचे. खाली मृत्यूची तारीख, म्हणजे तो किडा सापडला ती. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत राहायचा. तर ओळी नांगरता नांगरता मोज, असे ठरले. कॅनर यांच्यासमोर त्याने सहा लांबलचक ओळी नांगरल्या. घोडा हाकणे, नांगर धरणे, शेवटाला पोहोचल्यावर घोडा वळवणे, सगळे त्याने नीट केले. तो गावच्या शाळेत जात होता. तिथे त्याच्या तऱ्हा सर्वांनी मान्य केल्या होत्या आणि अभ्यासात त्याची प्रगतीही चांगली होती.

मुलाची सवय मोडायची नाही, तिला काम जोडून द्यायचे, हे त्या शेतकरी नवराबायकोला कुणी शिकवले नव्हते. पुढे दोन-तीन दशकांनी या मुलांसाठी शास्त्रशुद्ध पद्धती आल्या. कॅलिफोर्नियात इव्हार लोव्हास यांनी १९६० च्या दशकात वर्तनोपचाराचे काम उभे केले: कौशल्याचे बारीक तुकडे करायचे, एकेक तुकडा शिकवायचा, जमले की लगेच बक्षीस द्यायचे. ज्या मुलांना कुणी काही शिकवूच शकत नाही असे मानले जात होते, ती बोलायला, जेवायला, कपडे घालायला शिकली. पण सुरुवातीच्या त्या काळात मुलांना ओरडणे, चापट मारणे, विजेचा झटका देणे हेही उपचाराचा भाग म्हणून झाले आणि हातवारे करणे, हात फडफडवणे यांसारख्या निरुपद्रवी सवयी मोडण्यात फार शक्ती खर्ची पडली. आजचे चांगले उपचारक शिक्षेपासून लांब राहतात. मुलाच्या आवडीतूनच वाट काढायची यावर आता भर आहे. नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉपलर यांनी आईवडिलांनाच सहउपचारक बनवले आणि दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावून ठेवायची पद्धत रूढ केली. आधी दात, मग न्याहारी, मग बस. सगळे ठरल्याप्रमाणे व्हावे या ज्या अट्टहासाला कॅनर यांनी लक्षण म्हटले होते, त्याचाच इथे आधार घेतला गेला. ही पद्धत आज जगभरच्या विशेष शाळांत दिसते.

आता कॅनर यांच्या चुकीकडे वळायला हवे. १९४३ च्या लेखात ही अवस्था जन्मजात असावी असे त्यांनी म्हटले होते. पण त्याच लेखात एक निरीक्षणही नोंदवले होते: या मुलांचे आईवडील अतिशय बुद्धिमान, पण फारसे मायाळू नाहीत. हे निरीक्षण ज्यांच्यावरून केले ते कुटुंब कोण होते, याचा त्यांनी नीट विचार केला नाही. मिसिसिपीहून बाल्टिमोरला येणे, महिनोन्महिने पत्रव्यवहार करणे, ३३ पाने टंकलिखित करून पाठवणे हे वकील, डॉक्टर, प्राध्यापकांनाच परवडणारे होते. गरीब घरातली, काळ्या कुटुंबांतली अशी मुले त्या दवाखान्यापर्यंत पोहोचतच नव्हती. त्यांतली कितीतरी मतिमंद असा शिक्का बसून संस्थांत पडून होती. निवड ज्याची झाली, त्याचेच लक्षण रोगाचे लक्षण वाटू लागले. संशोधनात हा फसवा सापळा नेहमीचाच, आणि कॅनर त्यात अडकले.

१९४९ पर्यंत त्यांची भाषा आणखी कडक झाली. भावनांनी थंडगार आईवडिलांनी या मुलांना जणू शीतपेटीत वाढवले, अशा अर्थाची त्यांची उपमा सर्वत्र पसरली. मासिकांनी ती उचलली. पुढे शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी तर आईचा नकार हेच या अवस्थेचे मूळ, असा सिद्धांत पुस्तकातून लोकप्रिय केला. दोन दशके हजारो आयांना डॉक्टरांच्या खोलीत बसून स्वतःवरचा आरोप ऐकावा लागला. मुलाला त्यांच्यापासून दूर नेणे हाच उपाय, असेही सांगितले गेले. याच कॅनर यांनी १९४१ मध्ये मातांची बाजू घेऊन, तज्ज्ञांच्या धाकाला भिऊ नका असे सांगणारे एक पुस्तक लिहिले होते, हे आठवले की मन विषण्ण होते. आणि डोनाल्डच्या घरच्यांचा ठसठशीत पुरावा त्यांच्याच फायलीत होता: संस्थेचा विरोध झुगारून मुलाला घरी आणणारे, प्रत्येक दाणा टिपणारे आईवडील.

हा आरोप पुसायचे काम एका वडिलांनी सुरू केले. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून दाखवून दिले, की या अवस्थेचे मूळ शरीरात, मेंदूत आहे, पालकांच्या वागण्यात नाही. कॅनर यांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. पुढच्याच वर्षी रिमलँड आणि इतर पालकांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९६९ मध्ये तिच्या वॉशिंग्टनच्या मेळाव्यात पंचाहत्तरीतले कॅनर व्यासपीठावर उभे राहिले आणि आईवडील म्हणून समोर बसलेल्या सर्वांना त्यांनी जाहीरपणे निर्दोष ठरवले. आपण पालकांना कधी दोषी धरलेच नव्हते, आपले म्हणणे चुकीच्या पद्धतीने पसरवले गेले, असेही त्यांनी सांगितले. ते पूर्ण खरे नव्हते. तरी सभागृहातल्या अनेकांसाठी त्या दिवशी एवढेही फार होते.

पालकांच्या अशा चळवळींचा जोर पुढे कायद्यात उतरला. दिव्यांग मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क देणारा अमेरिकी कायदा १९७५ चा. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि नंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले.

कॅनर १९५९ मध्ये निवृत्त झाले होते, पण काम थांबले नव्हते. १९७१ मध्ये स्वमग्नतेला वाहिलेले पहिले शास्त्रीय नियतकालिक निघाले. त्याचे संपादकपद कॅनर यांच्याकडे होते. पहिल्याच वर्षी त्यांनी त्यात स्वतःचीच परीक्षा घेणारा लेख छापला: २८ वर्षांपूर्वीच्या त्या ११ मुलांचे पुढे काय झाले? सगळ्यांचा शोध लागला नाही. एक तरुण अचानक वारला होता. जी मुले लहानपणीच मोठ्या सरकारी इस्पितळांत टाकली गेली, त्यांच्या नोंदी वाचवत नाहीत. तिथे गेल्यावर त्यांची असामान्य स्मरणशक्ती विझत गेली, सवयींचा आग्रहही विझला. बोलणे, बघणे, काही हवे असणे, सगळेच मंदावले. त्या संस्थांत जाणे हे जन्मठेपेसारखे ठरले, या निष्कर्षाला कॅनर आले. स्वतः वैद्यकीय संस्थांमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाने हे लिहिले, याला महत्त्व आहे.

दुसऱ्या बाजूला काय दिसले? एक मुलगा कधीच बोलला नाही. पण तो मेरीलँडमधल्या एका शेतावर राहिला, शेतकऱ्याच्या मागे मागे हिंडत काम शिकला आणि शेतकरी वारल्यावर त्याच्या विधवेने घरात वृद्धांसाठी शुश्रूषागृह काढले, तेव्हा तिथे बिछाने घालू लागला, म्हाताऱ्यांची मायेने देखभाल करू लागला. दुसरा सरकारी कार्यालयात प्रती काढायच्या यंत्रावर काम करत होता आणि त्याच्या वरिष्ठांनी त्याच्या चोख कामाबद्दल समाधान कळवले होते. आणि डोनाल्ड. या तिघांत बुद्धी किंवा वाचा यांत काही साम्य नव्हते. पण तिघेही अशा माणसांमध्ये वाढले, ज्यांना त्यांच्यासाठी काम शोधावेसे वाटले.

त्या लेखातली आकडेवारी छोटी आहे, त्यातून नियम काढता येत नाही. घरची श्रीमंतीही काही जणांच्या कामी आली, हेही खरेच. शिवाय कॅनर यांची व्याख्या फार अरुंद होती. आपल्याकडे पाठवलेल्या बहुतेक मुलांना ते स्वमग्न मानायला तयार नसत. म्हणून ही अवस्था अतिशय दुर्मीळ, असे जगाला वर्षानुवर्षे वाटत राहिले. इंग्लंडमध्ये लोर्ना विंग यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की तिच्या छटा कितीतरी आहेत आणि तशी मुले बरीच अधिक आहेत. त्यासाठी त्यांनी दवाखान्यात आलेली मुले न मोजता, लंडनच्या एका भागातली सगळी मुले मोजली होती.

३ एप्रिल १९८१ रोजी मेरीलँड राज्यात कॅनर यांचे निधन झाले. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात बालवयातली स्वमग्नता प्रथमच स्वतंत्र निदान म्हणून नोंदली गेली.

डोनाल्ड ट्रिपलेट त्यांच्यानंतर ४२ वर्षे जगले. चौदाव्या वर्षी त्यांना संधिवाताने गाठले होते, त्यातून ते बरे झाले. शाळा पूर्ण करून महाविद्यालयात गेले आणि १९५८ मध्ये फ्रेंच विषय घेऊन पदवीधर झाले. मग फॉरेस्टमधल्याच बँकेत नोकरी धरली. ती आजोळच्या मालकीची होती, त्यामुळे नोकरी मिळण्यात अडचण नव्हती. पण ती त्यांनी आयुष्यभर केली. गाडी चालवायला शिकले, रोज गोल्फ खेळले, आणि वयाच्या मध्यावर प्रवासाला लागले. एकटेच जात, परत येत. ३६ देश पाहिले. गावाला त्यांच्या तऱ्हा माहीत होत्या आणि बाहेरचा कुणी चौकशी करत आला, तर आधी गावकरीच त्याची चौकशी करत.

२०२३ च्या जूनमध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी ते गेले. आकड्यांचा नाद शेवटपर्यंत सुटला नव्हता. ओळखीच्या माणसांना त्यांनी आपल्या मनाने एकेक क्रमांक दिलेला असे आणि तो माणूस कित्येक वर्षांनी भेटला, तरी त्याचा क्रमांक ते न चुकता सांगत.